हळदीकुंकवाऐवजी मेलेले तारे

आमच्या घरात ‘समोरच्या काकू’ म्हणजे फरीदाबादला राहणाऱ्या काकू. ‘वरच्या काकू’ नोएडात तळमजल्यावर राहतात. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधली आमची सरकारी क्वार्टर्स पाडली त्याला बरीच वर्षं झाली, तिथे आता उंच इमारती आहेत, पण आईच्या बोलण्यात सगळे अजून आपापल्या जुन्या दारातच राहतात. आम्ही दिल्लीतच, द्वारकेला एका सोसायटीत सातव्या मजल्यावर असतो, आणि इथे आमच्या दारासमोर खरोखर जे कुटुंब राहतं त्यांना आई ‘लिफ्टजवळचे’ म्हणते.

लक्ष्मीबाई नगरला दोन दारं समोरासमोर होती आणि मध्ये जिना. दिवसभर दोन्ही दारं उघडी असायची, फक्त पडदे ओढलेले. आमच्या पडद्यावर मोर होते, त्यांच्या पडद्यावर मोठी मोठी फुलं. लहानपणी बराच काळ मला वाटायचं की हे एकच घर आहे आणि मधून जिना गेलाय. आई आणि काकू लग्न होऊन साधारण एकाच सुमारास दिल्लीत आल्या होत्या, आणि दोघींनाही हिंदी धड येत नव्हतं. भाजीवाल्याशी काय बोलायचं याची तालीम त्या जिन्यात करायच्या आणि मग मिळून सरोजिनी नगरच्या बाजारात जायच्या. काकूंनी बोलायचं आणि आईने पिशवी धरायची, असं ठरलेलं होतं. काकूंना कोणाचीच भीड नव्हती. आईला सगळ्यांची होती. तिची ती भीड पुढे मला मिळाली.

जानेवारीतलं हळदीकुंकूही दोघींचं मिळून असायचं. घरात एवढ्या बायका मावायच्या नाहीत आणि त्या थंडीत ऊन मिळायचं ते बाहेरच, म्हणून दोन ब्लॉकच्या मधल्या लॉनवर सतरंज्या घालायच्या. काळ्या साड्या, साडीवर स्वेटर, आणि दिसावं म्हणून स्वेटरच्या वर काढलेलं मंगळसूत्र. कोणीतरी दर वर्षी पैठणीच्या आत थर्मल घातल्याचं हळूच सांगायचं आणि सगळ्या हसायच्या, कारण सगळ्यांनीच घातलेलं असायचं. शेजारच्या बंगाली आणि पंजाबी बायका यायच्या, त्यांना तिळगुळाचे लाडू आवडायचे आणि ‘गोड गोड बोला’ म्हणायला फार मजा वाटायची. काकू चांदीची कुयरी घेऊन पुढे चालायच्या आणि हळदकुंकू लावायच्या. आई त्यांच्या मागून अत्तर आणि तिळगूळ द्यायची. हा क्रम कधी बदलला नाही. दुसऱ्याच्या कपाळाला हात लावायला आपल्याला संकोच वाटतो, असं आई म्हणायची.

त्या दुपारी पुरुषांना कुठेच जागा नसायची. बाबा पार्कात जायचे. समोरचे काका, म्हणजे काकूंचे यजमान, पार्कात जायचे नाहीत. ते मागच्या बाल्कनीत बसून कोणाचा तरी बिघडलेला रेडिओ उघडायचे. नोकरी एका मंत्रालयात, फाइली बघायची. रेडिओ ही आवड. मीही त्यांच्याकडेच जाऊन बसायचे, कारण लॉनवर दिसले की मला कोणीतरी गाणं म्हणायला लावायचं. काकांनी मला कधी काही म्हणून दाखवायला सांगितलं नाही. आम्ही दोघं तासन्‌तास काहीही न बोलता बसू शकायचो, आणि ते दोघांनाही विचित्र वाटायचं नाही. माझ्या आयुष्यात अशी माणसं फार झाली नाहीत.

बायका घरी गेल्या की आमचं काम सुरू व्हायचं. गवतात सेफ्टी पिना, साडीच्या टाचण्या, गजऱ्याच्या काळ्या पिना पडलेल्या असायच्या आणि दुसऱ्या दिवशी तिथेच मुलांचं क्रिकेट. काकांनी एका जुन्या लाउडस्पीकरमधलं गोल चुंबक सुतळीला बांधलं होतं. ते मी गवतावरून ओढत न्यायचे आणि ते मागून चालायचे. एकदा त्यांनी एक टाचणी फरशीवर ठेवली आणि चुंबक वरून हळूहळू खाली आणलं. “एवढ्यावर काही नाही,” ते म्हणाले. अजून खाली आणलं. “एवढ्यावरही नाही.” अजून जरासं खाली, आणि टाचणीने एकदम उडी मारली. “जवळ आल्याशिवाय कळतच नाही बघ, किती आहे ते.”

यामुळे मी फिजिक्सकडे वळले असं मी म्हणणार नाही. तसं काही एका टाचणीने होत नाही. पण कॉलेजात पहिल्यांदा ते सूत्र फळ्यावर पाहिलं, दोन चुंबकांमधलं अंतर दुप्पट केलं की ओढ निम्मी नाही, पाव नाही, सोळाव्या हिश्श्यावर येते, तेव्हा मला ती फरशी आठवली होती.

कॉलनी पाडायची ठरली तेव्हा सगळ्यांना एकदम निघावं लागलं नाही. एकेक ट्रक येत गेला. आम्ही द्वारकेला आलो, काका-काकू फरीदाबादला मुलाच्या फ्लॅटवर गेले, वरच्या काकू नोएडाला. “मेट्रो आहे ना, बिल्कुल सोपं आहे,” असं सगळे एकमेकांना म्हणाले. सुरुवातीला आई आणि काकूंचा फोन रोज व्हायचा. मग रविवारी. मग सणाला. भांडण झालं नाही, काहीच झालं नाही. फक्त हळदीकुंकवाला मात्र काकू सकाळीच यायच्या, आमच्या सातव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पूर्वीसारख्याच कुयरी घेऊन पुढे चालायच्या आणि आई मागून.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. आई फरीदाबादला जाऊन राहून आली. त्यानंतर दोघींचे फोन परत वाढले, पण आईच्या बाजूने त्यात मटारचा भाव, पाणी आलं की नाही आणि माझा अभ्यास एवढंच असायचं. आई बोलताना शब्द निवडतेय हे मला शेजारच्या खोलीतूनही कळायचं.

मग जानेवारी आला.

आईने माळ्यावरून कुयरी काढली, रांगोळीने घासून लख्ख केली आणि परत कपड्यात गुंडाळून ठेवून दिली. बाबांनी हे पाहिलं.

“या वर्षी नको करूस,” ते म्हणाले.

“नाही केलं तर ती विचारेल का नाही केलंस. आणि मग तिला कळेल का नाही केलं ते.”

“मग कर, आणि तिला बोलाव.”

“बोलावलं आणि ती आली, आणि कोणीतरी तिला सोडून पुढच्या बाईला कुंकू लावलं तर? माझ्या घरात?”

“तर तिलाही लावायचं. सोपं आहे.”

“तुम्हाला काय माहीत,” आई म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी पार्कात असता.”

आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. ती नास्तिक नाही, पण फार मानणारीही नाही. विधवा बाईला कुंकू लावू नये असं तिला स्वतःला अजिबात वाटत नाही. तिला फक्त तिची मैत्रीण त्या दिवशी घरात हवी होती, आणि ती आल्यावर एका क्षणासाठीही तिचा अपमान व्हायला नको होता. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते तिला कळत नव्हतं. तिने ते जवळजवळ आठवडाभर डोक्यात फिरवलं, आणि मग एका सकाळी मी चहा घेत असताना माझ्यासमोर येऊन बसली.

“तू बोल,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“तुझं ते मेलेल्या ताऱ्यांचं. आपण व्याख्यान ठेवू. हळदीकुंकू नाहीच. व्याख्यान आणि तिळगूळ. व्याख्यानाला कोणीही येऊ शकतं.”

मी पीएचडी करते. विषय असा आहे की तारा मेल्यानंतर जो गोळा उरतो तो एक प्रचंड चुंबक असतो. अशा दोन गोळ्यांमध्ये चुंबकाची ओढ किती असते, आणि विश्व पसरत असताना तिचं पुढे काय होतं. हे इंग्रजीत सांगायला मला एक मिनिट लागतं. मराठीत मी ते कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. घरी कोणी विचारलं तर मी ‘फिजिक्स’ म्हणते, आणि आई ‘जेवलीस का’ म्हणते, आणि आमचं दोघींचं त्यात नीट चाललं होतं.

“आई, यार, प्लीज,” मी म्हटलं. “मला नाही येणार. मराठीत तर बिल्कुल नाही.”

“येईल तेवढं बोल.”

“कोणाला कळणार आहे?”

“कळायला कशाला हवंय?” आई म्हणाली, आणि मग जरा थांबून, “तिला यायला काहीतरी कारण हवंय गं. मला दुसरं काही सुचत नाहीये.”

आई माझ्याकडे सहसा काही मागत नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट मागितली. “तेवढं ‘मेलेले’ म्हणू नकोस. तिच्यासमोर नको. आणि संक्रांतीच्या दिवसांत नकोच.”

“मग काय म्हणू? विज्ञानात त्याला मेलेलेच म्हणतात.”

“शांत झालेले म्हण. दिवा आपण शांत करतो की नाही, तसं.”

मला या गोष्टी शाळेत कोणी शिकवल्या नाहीत, घरातच ऐकून ऐकून कळल्या. दिवा विझला म्हणायचं नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. तांदूळ संपले तरी वाढले म्हणायचं. लहानपणी मी डबा उघडून बघायचे, खरंच वाढलेत का. आता ताऱ्यांचं तेच. मी माझ्या सगळ्या स्लाइड्समधून ‘मेलेले’ काढलं आणि ‘शांत झालेले’ घातलं. आईने मराठी बायकांच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं, खाली पतंगाचं चित्र, वर ‘ताऱ्यांची ओढ : व्याख्यान आणि तिळगूळ’. हळदीकुंकवाचा शब्द कुठेही नव्हता. समोरच्या काकूंचा लगेच फोन आला. “पोरीचं व्याख्यान म्हटल्यावर मी येणारच,” त्या म्हणाल्या. आईने फोन ठेवला आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात गुणगुणली.

काकू रविवारी सगळ्यांच्या आधी आल्या. फरीदाबादहून मेट्रोने, मंडी हाऊसला गाडी बदलून, हातात गूळपोळ्यांचा डबा. फिकट निळी साडी, काळी शाल, आणि कपाळावर त्यांची नेहमीची लहानशी टिकली. आईने दार उघडल्या उघडल्या आधी ती टिकली पाहिली आणि तिचा चेहरा सैल झाला. काकू देवघरापाशी गेल्या, नमस्कार केला, एक क्षण तिथेच इकडेतिकडे बघितलं, आणि मग थेट स्वयंपाकघरात जाऊन खण उघडायला लागल्या.

“गाळणी कुठे हलवलीस?”

“वरच्या खणात.”

“कशाला? चांगली होती की तिथे.”

सगळं पूर्वीसारखं होतं, असं मला त्या वेळी वाटलं.

मग बाकीच्या आल्या. दार उघडलं तर वरच्या काकू काळ्या साडीत, गजरा माळून, हातात एक मोठी पिशवी. त्यांच्या मागून दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्या तशाच. सगळ्या हळदीकुंकवाला आल्या होत्या. आईच्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. दिल्लीतल्या मराठी बायकांच्या कुठल्याही समारंभाला आधी काहीतरी कार्यक्रम असतोच. कधी आरोग्यावर डॉक्टर बोलते, कधी कोणाची मुलगी कथक करते. तो संपेपर्यंत शांत बसायचं असतं आणि मग खरा समारंभ सुरू होतो. कार्यक्रमालाच कोणी समारंभ समजत नाही. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या रविवारी, तिळगूळ लिहून, आईच्या घरी बोलावल्यावर ते हळदीकुंकू नाही असं कोणाला का वाटावं.

आई माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला, कारण मला दुसरं काय करावं ते कळेना.

“तारे जन्माला येतात,” मी सुरुवात केली, “आणि त्यांच्यातलं जळण संपलं की ते शांत होतात.”

“आमच्याकडे उलटं आहे,” वरच्या काकू म्हणाल्या. “पेन्शनीत निघाल्यापासून जास्त तापतात.”

सगळ्या हसल्या, समोरच्या काकूसुद्धा. त्यामुळे मला जरा बरं वाटलं. मी सांगितलं की शांत झालेला तारा आकसतो. सूर्यापेक्षा जड वस्तू, पण एवढी लहान की द्वारकेपासून मंडी हाऊसपर्यंत मावेल. मी चार वेळा ‘शांत झालेला’ म्हटलं असेल.

“शांत म्हणजे मेलेला ना गं?” समोरच्या काकूंनी विचारलं. त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

मी आईकडे पाहिलं. आई तिळगुळाच्या ताटाकडे बघत होती.

“हो,” मी म्हटलं.

“मग मेलेला म्हण की. मघापासून मला वाटतंय तो झोपलाय आणि आपण त्याला उठवू नये म्हणून हळू बोलतोय.”

“मेलेला तारा,” मी म्हटलं. “तो मेल्यावर त्याचं चुंबकत्व कमी होत नाही. वाढतं. जिवंत असताना जेवढं एवढ्या मोठ्या गोळ्यात पसरलेलं होतं, तेवढं सगळं लहानशा जागेत दाबलं जातं. म्हणून ते भयंकर तीव्र होतं.”

“मेल्यावर जास्त?” काकूंनी विचारलं.

“हो. पण फक्त जवळ. लांब गेलं की फार लवकर कमी होतं. अंतर दुप्पट झालं की सोळावा हिस्सा राहतो.” मग न ठरवता मी म्हटलं, “काका लॉनवर दाखवायचे ना, टाचणी ठेवून.”

“ते लाउडस्पीकरचं चुंबक?” काकू एकदम म्हणाल्या. “ते त्यांनी एकदा टीव्हीवर ठेवलं होतं. सगळी माणसं कोपऱ्यात हिरवी दिसायला लागली. बातम्या देणारी बाई महिनाभर अर्धी हिरवी. मी म्हटलं, आता तुम्ही आणि तुमचं चुंबक बाल्कनीतच राहा.” त्या हसत होत्या, आणि बाकीच्याही हसल्या, आणि काकांबद्दल मोठ्याने काहीतरी बोललं गेलं म्हणून सगळ्यांचे खांदे खाली आले. मी त्या हशात पाण्याचा ग्लास उचलला.

मी पाणी पितेय म्हणजे संपलं, असं वरच्या काकूंना वाटलं. त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग पिशवीतून वाण म्हणून आणलेले मोबाइलचे कापडी बटवे काढले, आणि त्याखालून एक कुयरी.

“बाहेर कुठे दिसली नाही,” त्या आईला म्हणाल्या. “गडबडीत विसरलीस वाटतं. मी माझी आणलीय. चलो, मीच लावते.”

त्या दाराकडच्या बाजूने सुरू झाल्या. हळद, कुंकू, बटवा. पुढची. हळद, कुंकू, बटवा. खिडकीजवळची खुर्ची शेवटची होती. आई ताट धरून उभी होती. मी थांबवायला हवं होतं, पण थांबवलं नाही. वरच्या काकू वाईट नाहीत. त्या फक्त नेहमीचं करत होत्या, आणि अर्ध्यावर आल्यावर त्यांचीही नजर खिडकीकडे गेली आणि हात मंदावला.

समोरच्या काकू उठल्या. “चहा टाकते,” असं म्हणून आत गेल्या, अगदी सहज, जसं कोणीही उठावं. आईने ताट माझ्या हातात दिलं आणि मागोमाग गेली.

टीव्ही स्वयंपाकघराच्या दाराला लागून आहे. मला सगळं ऐकू येत होतं.

“चहा मी करते, तू बाहेर बस,” आई म्हणत होती.

“तू बस. पाहुण्या तुझ्या आहेत.”

“मी काहीच ठेवलं नव्हतं गं. कुयरी बाहेर ठेवलीसुद्धा नव्हती. हिने आणली.”

“माहितीये. देवघरापाशी दिसली नाही तेव्हाच कळलं.”

“काय कळलं?”

“व्याख्यान कशाला ठेवलंस ते.”

पातेलं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला.

“तुला त्रास होऊ नये म्हणून,” आई म्हणाली.

“त्रास होतो की नाही ते मला विचारलंस? मटारचा भाव विचारतेस. पाणी आलं का विचारतेस. हे नाही विचारलंस.”

“कसं विचारणार होते मी?”

“हळदीकुंकू आहे, येतेस का, असं. दर वर्षी विचारायचीस तसं. मी नाही म्हटलं असतं.”

“बघ, म्हणजे मला वाटलंच होतं…”

“नाही म्हटलं असतं, पण ते मी म्हटलं असतं. तू माझ्या वतीने म्हणून टाकलंस. वर पोरीला कामाला लावलंस. शब्द शोधून शोधून दमली ती.”

मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

“चुकलं,” आई म्हणाली.

“आलं कुठे ठेवलंस?” काकूंनी विचारलं. “का तेही हलवलंस?”

चहा घेऊन दोघी बाहेर आल्या. वरच्या काकू कुयरीचं झाकण लावून सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. “अगं, मला खरंच कल्पना…” त्यांनी सुरुवात केली.

“तुझं काय चुकलं?” समोरच्या काकू म्हणाल्या. “तू आपली बोलावल्यासारखी आलीस. घे, चहा घे. हिचं अर्धवट राहिलंय. मी एवढ्या लांबून त्यासाठी आलेय.”

मग मी उरलेलं सांगितलं. कप हातात घेऊन सगळ्या ऐकत होत्या, आणि या वेळी खरंच ऐकत होत्या. मी सांगितलं की विश्व पसरतंय, लांबच्या आकाशगंगा एकमेकींपासून आणखी लांब चालल्यात.

“म्हणजे नोएडापण?” वरच्या काकूंनी हळूच विचारलं.

“नाही काकू. ज्यांनी एकमेकांना धरून ठेवलंय ते पसरत नाहीत. पृथ्वी, सूर्य, आपली आकाशगंगा, सगळं तसंच राहतं. आणि ते चुंबकाने धरलेलं नसतं. चुंबकाचं फक्त जवळ चालतं. लांबून धरतं ते गुरुत्वाकर्षण, म्हणजे वजनाची ओढ.”

“मग नोएडाहून इथे यायला एवढा वेळ का लागतो?”

“ट्रॅफिक.”

त्या हसल्या, पण समोरच्या काकू हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या. “आणि त्या मेलेल्या ताऱ्यांचं?” त्यांनी विचारलं. “फार लांब गेले तर? ओढ संपते?”

माझ्या गाइडचा यासाठी एक शब्द आहे, आणि त्याचा मराठी शब्द ‘नगण्य’ मी शोधून ठेवला होता. शेवटच्या स्लाइडवर तोच होता. मला तो पुढे ढकलून काहीतरी मऊ सांगता आलं असतं. पण त्यांनीच मघाशी मला मेलेला म्हणायला लावलं होतं.

“शून्य होत नाही,” मी म्हटलं. “पण इतकी कमी होते की गणितात धरली नाही तरी उत्तर बदलत नाही. तिने काही हलत नाही.”

काकूंनी मान हलवली. “बरं केलंस खरं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “मला सगळे सांगतात, ते कायम तुमच्याबरोबर आहेत, बघतायत. मला तसं नाही होत. घरात होतं. त्यांच्या खुर्चीपाशी तर फार होतं, उभं राहवत नाही. मेट्रोत बसले की कमी होतं. आज मंडी हाऊसला गाडी बदलली तेव्हा बरंच कमी झालं होतं. आधी बरं वाटलं. मग वाटलं, एवढ्यात कसं कमी झालं.”

आई त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, आणि तिने तिथूनच हात लांब करून काकूंचा रिकामा कप काढून घेतला. मी टीव्ही बंद केला. ‘नगण्य’ची स्लाइड मी दाखवलीच नाही, तिची गरज राहिली नव्हती.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत आई आणि मी काकूंना ई-रिक्षाने मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. थंडी वाढली होती. रिक्षात त्या दोघींनी वरच्या काकूंच्या बटव्याची शिवण कशी कच्ची आहे यावर बराच वेळ चर्चा केली. स्टेशनवर तपासणीच्या रांगेपाशी आई थांबली. पुढे तिला जाता येणार नव्हतं.

“पुढच्या वर्षी माझ्याकडे हळदीकुंकू आहे,” आई म्हणाली. ती हे रिक्षात मनात घोळवत असणार, कारण फार सरळ आवाजात बोलली. “येतेस का?”

काकूंनी शाल नीट केली.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“बरं.”

“आदल्या दिवशी येईन. गूळपोळ्या तुझ्याच्याने होत नाहीत.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“ते तेव्हा परत विचार.”

त्यांनी पर्स तपासणीच्या पट्ट्यावर ठेवली, पलीकडे जाऊन उचलली, आणि मागे न बघता जिना चढून गेल्या. आई त्या दिसेनाशा होईपर्यंत उभी राहिली. परत रिक्षात बसताना तिने माझा दंड धरला.

“तेव्हा परत विचारायचंय,” ती म्हणाली. “मी विसरले तर आठवण कर.”